पुसलेली राणी आणि उरलेला ग्रंथ

घोडेगाव सोडून डिंभ्याच्या जलाशयाला वळसा घालीत भीमाशंकराकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर लागते. आणि त्या गावाच्या आसपासच्या डोंगरांतून महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या जो बाळहिरडा वेचून, वाळवून बाजारात आणीत आली आहेत, त्याचा संबंध वैद्याच्या खलाशी आणि कातडी कमावणाऱ्याच्या कुंडाशी जसा होता तसाच लेखकाच्या दौतीशीही होता, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. हिरड्याच्या काढ्यात हिराकस मिसळले की काळीशार, कागदात मुरणारी शाई तयार होते; युरोपातील मठवासी लेखक तेच काम ओक वृक्षावरील माजूफळाकडून करवून घेत. छापखान्यापूर्वीचा ग्रंथ हा असा रानाच्या, खाणीच्या आणि गोठ्याच्या उत्पन्नावर उभा राहिलेला असे, आणि म्हणून ज्या प्रदेशात तो जन्मला त्या प्रदेशाचा वास त्याला अखेरपर्यंत सुटत नसे.

या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या जुन्नरात एका राज्याचा आरंभ झाला. बहमनी वजीर मलिक हसन याचा पुत्र मलिक अहमद हा जुन्नरची सुभेदारी सांभाळीत असता बिदरच्या खिळखिळ्या झालेल्या सत्तेला जुमानीनासा झाला, १४९० मध्ये त्याने बहमनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र कारभार सुरू केला, आणि पुढे चार वर्षांनी सीना नदीच्या काठी आपल्या नावाने नवे नगर वसविले, जे आज अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते. मालोजी आणि शहाजी भोसले यांची पहिली चाकरी याच निजामशाहीची. तिच्या दरबाराकडे आपण फौजा, किल्ले आणि जहागिऱ्या यांच्याच दृष्टीने पाहत आलो. तिथे चित्रकारही होते आणि त्यांच्या हातचा एक ग्रंथ आजही पुण्यात आहे, हे मात्र शालेय इतिहासाने आपल्याला कधी सांगितले नाही.

त्या ग्रंथाचे नाव ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. आफताबी नावाच्या कवीने तो फारसी पद्यात रचला आणि निजामशाहीचा तिसरा सुलतान हुसेन निजामशाह (राज्यकाल १५५३ ते १५६५) हा त्याचा नायक. हुसेनची स्तुती, त्याचा विवाह, त्याच्या राणीचे सौंदर्य, आणि जानेवारी १५६५ मध्ये दक्षिणेतील सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरच्या रामरायाचा ज्या संग्रामात नाश केला त्या तालिकोटच्या लढाईचे वर्णन, असा त्याचा विषय आहे. लढाईनंतर त्याच वर्षी हुसेन मरण पावला, म्हणजे विजयाची शाई वाळते न वाळते तोच ग्रंथाचा नायक काळाच्या पडद्याआड गेला. आणि ग्रंथाची सिद्धता झाली ती त्याच्या अल्पवयीन पुत्राच्या, मुर्तजाच्या, नावाने राज्य चालविणाऱ्या राणीच्या अमदानीत. खुंजा हुमायूं हे त्या राणीचे नाव. इतिहासात जी चांदबीबी म्हणून अजरामर झाली, तिची ही माता.

ग्रंथातील बारा चित्रे आज उपलब्ध आहेत. दख्खनी चित्रकलेचा जो सर्वांत जुना पुरावा आपल्या हाती आहे त्यात त्यांची गणना होते, आणि ज्या कोणाला मराठी मुलखातील दरबारी चित्रकलेचा अभ्यास करावयाचा आहे त्याला येथूनच प्रारंभ केला पाहिजे. इराणी चित्रशैलीतून आलेले सोनेरी आकाश, फुलांनी भरलेली भूमी आणि चढ्या, निःशंक रंगांची मांडणी एका बाजूस. आणि दुसऱ्या बाजूस लांब वेण्यांच्या, चोळी घातलेल्या, उंच व सडपातळ स्त्रिया, ज्यांच्या अंगावरून फिरलेले वस्त्र पाहताच विजयनगरकालीन लेपाक्षीच्या मंदिरातील छतचित्रांची आठवण व्हावी. ज्या विजयनगरचा पाडाव या ग्रंथात गौरविला आहे त्याच विजयनगरची चित्रपरंपरा त्याच्या पानांवरील स्त्रियांच्या पेहरावात नांदते आहे, आणि रामरायाच्या शिरच्छेदाचे चित्रही याच पानांत आहे. कला आपल्या धन्याचे वैर फार काळ सांभाळीत नाही, असे मला या पानांकडे पाहताना वाटते.

परंतु या ग्रंथाची सर्वांत विलक्षण गोष्ट निराळीच आहे. सुलतानाच्या शेजारी सिंहासनावर त्याची राणी बसलेली दाखविणे, हे त्या काळच्या मुसलमानी दरबारांच्या चित्रांत अत्यंत दुर्मीळ; येथे मात्र चित्रकाराने ते एकदा नव्हे, अनेकदा केले होते. पुढे पुत्राने मातेच्या हातचा कारभार काढून घेतला, तिला कैद केले, आणि त्यानंतर केव्हातरी कोण्या हाताने चित्रांतील राणी पुसून टाकली, असे विद्वानांचे मत आहे. सुलतान जागच्या जागी आहे, दासी चवऱ्या घेऊन उभ्या आहेत, बैठक, पडदे, फुले सारे अबाधित आहे. आणि जिथे राणी होती तिथे केवळ विटलेल्या रंगाचा एक डाग. ती शाबूत राहिली एकाच चित्रात. त्या चित्रात बाग आहे, बहरलेला वृक्ष आहे, आणि सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने वृक्षास फुले येतात हा जो कविसंकेत कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त अशोकाच्या निमित्ताने वापरला, तोच फारसी काव्याच्या पानावर अवतरला आहे. पुसणाऱ्याने हे पान का वगळले असेल? वृक्षाशेजारची ती स्त्री राणी नसून काव्यातील नायिका आहे असे त्याला वाटले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: चित्रे विद्रूप करणाऱ्याने आफताबीचे राणीविषयीचे बैत मात्र तसेच राहू दिले. डोळ्यांना जे दिसते त्याची सत्ताधाऱ्यांना अधिक भीती वाटते.

याच्या उलट एक उदाहरण दूर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर घडले, ते येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. भरती आली की मुख्य भूमीपासून तुटणाऱ्या लिंडिसफार्न नावाच्या बेटावर, नॉर्थम्ब्रियाच्या अँग्लो-सॅक्सन राज्यात, आठव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्तचरित्राच्या चार ग्रंथांची एक लॅटिन प्रत सजविण्यात आली. ६८७ मध्ये दिवंगत झालेल्या संत कथबर्टच्या स्मृत्यर्थ ती लिहिली गेली आणि ६९८ ते ७२१ या काळात तेथे बिशप असलेल्या एडफ्रिथने ती आपल्या हाताने लिहिली, असे परंपरा सांगते. कागद तेथे अद्याप कोणी पाहिलेला नव्हता. वासरांच्या कमावलेल्या कातड्यांवर अडीचशेहून अधिक पाने लिहिली गेली, आणि त्यांना सुमारे दीडशे वासरे लागली असावीत असा अंदाज आहे. रंग होते शेंदूर, हरताळ, जंगाल. निळाई लाजवर्दाची असावी असे पुष्कळ काळ मानले जाई, पण रासायनिक परीक्षेत ती निळीच्या वनस्पतीचीच ठरली. आपल्या पोथ्या रंगविणाऱ्यांच्या शिंपल्यांतही हेच पदार्थ असत, हे वाचताना त्या परक्या बेटाविषयी एकदम आपलेपणा वाटू लागतो. वेलबुट्ट्यांत गुंफलेले पक्षी व श्वापदे, पानभर विणलेले गालिच्यासारखे क्रूस आणि एकेका आद्याक्षराभोवती मांडलेले हजारो शेंदरी ठिपके, असे ते काम आहे.

७९३ मध्ये समुद्रावरून आलेल्या नॉर्समन लुटारूंनी तो मठ लुटला. पुढे ८७५ मध्ये भिक्षूंनी बेट सोडले, कथबर्टची शवपेटिका आणि ग्रंथ घेऊन ते वर्षानुवर्षे वणवण हिंडले, आणि अखेर चेस्टर-ले-स्ट्रीट येथे स्थिरावले. तेथे दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या पुरोहिताने लॅटिन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांनी शब्दागणिक आपल्या लोकभाषेतील अर्थ लिहिला. चार ग्रंथांचे इंग्रजी रूपांतर म्हणून जे काही आज उपलब्ध आहे त्यात हे सर्वांत जुने. शेवटी त्याने लिहिणाऱ्याचे, बांधणी करणाऱ्याचे, वर सोन्यारत्नांचे काम करणाऱ्याचे आणि स्वतःचे, अशी चार नावे नोंदविली. अलंकृत पानांवर परक्याने लेखणी चालविली म्हणून आज कोणी त्याला दोष देत नाही; त्याच्यामुळेच तो ग्रंथ कोणाचा हे आपण सांगू शकतो. तो आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

एका ग्रंथात पुढच्या पिढीच्या हाताने भर घातली, दुसऱ्यात एक स्त्री नाहीशी केली. तरीही पुसलेल्या पानांची किंमत माझ्या मते यत्किंचितही कमी नाही, कारण मायलेकांच्या त्या कलहाचा इतका प्रत्यक्ष पुरावा कोणत्याही तवारिखेच्या वर्णनात सापडणार नाही. म्हणूनच असली चित्रे ‘दुरुस्त’ करण्याच्या, डागाखालची राणी नव्या रंगाने पुन्हा काढण्याच्या कल्पनेला माझा स्पष्ट विरोध आहे.

राणी पुसलेला हा ग्रंथ पुण्यातील ज्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित आहे, त्याची स्थापना १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी सरदार मेहेंदळे यांच्या साहाय्याने केली. गो. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ इंग्रजी अनुवादासह संपादित केली व मंडळाने ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली; अभ्यासूंनी ती आवर्जून पाहावी. आणि जुन्नर-आंबेगावच्या जुन्या वाड्यांतून, देवळांतून, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांतून ज्यांच्या माळ्यावर अजून एखादा कागदांचा रुमाल किंवा पोथीचे बासन पडून असेल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: ते नदीत सोडू नका, रद्दीत घालू नका, फाटलेल्या पानांना डिंक आणि चिकटपट्टी लावू नका, पानांचा क्रम मोडू नका. कोरड्या सुती कापडात ते बांधून ठेवा, आणि मंडळासारख्या संस्थेच्या जाणकाराला एकदा दाखवा.