अल्बम उघडत नाही? आधी घाई थांबवा!

रायपूरजवळच्या अभनपूरला एकेकाळी नॅरोगेजची छोटी गाडी येत असे. राजीमकडे जाणारा फाटा इथूनच फुटायचा. ती गाडी आता इतिहासजमा झाली आहे. ३० मार्च २०२५ पासून अभनपूर ते रायपूर मोठ्या रुळांवरची मेमू सुरू झाली. छोट्या गाडीच्या खिडकीत बसलेल्या मुलांचे फोटो ज्या घरच्या संगणकात असतील, त्यांना ते पुन्हा काढता येणार नाहीत. लग्न, बारसे, आजोबांची पंचाहत्तरी यांचेही तसेच.

म्हणूनच फोटो सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घातली आणि तो उघडताच बंद पडू लागला, की घरात धांदल उडते. 'सगळे फोटो गेले!' असे वाटते. बहुतेक वेळा ते गेलेले नसतात.

ग्रंथालयात पुस्तके कपाटात असतात आणि त्यांची नोंद सूचीत असते. इथेही तसेच आहे. फोटो डिस्कवर असतात. अल्बम, नावे आणि तारखा प्रोग्रॅमच्या सूचीत, म्हणजे कॅटलॉगमध्ये असतात. नवी आवृत्ती ही सूची नव्या पद्धतीने लिहून काढते. जागा कमी पडली, वीज गेली किंवा जुन्या सूचीत आधीच दोष असला, की काम अडते.

चूक नेहमी आपलीच असते असे नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेली अॅडोबी लाइटरूमची ६.२ ही आवृत्ती अनेकांकडे वारंवार बंद पडू लागली. कंपनीने जाहीर माफी मागून दुरुस्त आवृत्ती दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या नव्या आवृत्तीने काहींच्या फायलीच पुसल्या. मायक्रोसॉफ्टला ती काही दिवसांत थांबवावी लागली आणि नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा दिली गेली.

मग करायचे काय?

प्रथम काहीही पुसू नका. फोटोंचे फोल्डर आणि जुना कॅटलॉग वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या आणि दोन-चार फोटो तिथून उघडून पाहा. अॅपलच्या 'फोटोज'मध्ये सारे एकाच लायब्ररीत असते, तेव्हा ती अख्खीच उतरवा.

नंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि डिस्कवर पुरेशी मोकळी जागा आहे ना, ते बघा.

आता नवा, रिकामा कॅटलॉग उघडा. प्रोग्रॅम नीट चालला, तर दोष जुन्या सूचीत किंवा एखाद्या बिघडलेल्या फोटोत आहे. एकेक फोल्डर आत घ्या; ज्यापाशी गाडी अडेल, तिथे शोध घ्या. रिकामा कॅटलॉगही बंद पडला, तर दोष प्रोग्रॅमचा, त्याच्या सेटिंगचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असू शकतो. लाइटरूममध्ये ग्राफिक्स प्रोसेसरचा वापर बंद करून पाहावा. 'फोटोज'मध्ये ऑप्शन आणि कमांड या कळा दाबून प्रोग्रॅम उघडला, की लायब्ररी दुरुस्त करण्याची सोय मिळते.

तरीही जमले नाही, तर दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत जुन्या आवृत्तीकडे परतावे. मात्र नव्या आवृत्तीने बदललेला कॅटलॉग जुनी आवृत्ती सहसा उघडत नाही. जुनी प्रत जपून ठेवायची ती यासाठीच.

आणखी एक गोष्ट. फोटोतली माणसे कोण, हे फक्त सूचीत लिहिलेले असेल, तर सूची गेली की नावेही जातात. पूर्वी आपण फोटोच्या मागे पेनने नाव आणि तारीख लिहीत असू. आजही अनेक प्रोग्रॅममध्ये ही माहिती फोटोच्या फायलीतच साठवता येते. एखाद्या रविवारी आजीला शेजारी बसवा आणि ती सांगेल ती नावे भरून ठेवा. प्रोग्रॅम पुन्हा घालता येतो. ती नावे सांगणारे माणूस मात्र नेहमी जवळ असेलच असे नाही.