दप्तरातला मोबाइल

विद्यार्थ्यांनी स्वतःचा मोबाइल, टॅब किंवा लॅपटॉप शाळेत आणायचा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्गात त्यावर शिकायचे, अशी ही पद्धत. मध्य प्रदेशातल्या धार-देवासला मोबाइलवरचा अभ्यास नवा नाही. 2020 मध्ये शाळा बंद असताना राज्य सरकारने डिजिलेप उपक्रमातून व्हॉट्सॲपवर पाठ पाठवले होते.

खरी अडचण फोन कोणाचा, ही आहे. घरात एकच फोन असेल, तर तो देवासच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या वडिलांच्या खिशात असतो. धार जिल्ह्यात कुक्षी-डहीकडच्या वस्त्यांवर तर नव्या फोनचा खर्चच झेपत नाही. म्हणून ‘प्रत्येकाने आणा’ असा नियम मला अन्यायाचा वाटतो. चार मुलांत एक फोन पुरतो, आणि शाळेनेही काही टॅब ठेवावेत.

इंटरनेटचेही तसेच. चाळीस मुलांनी एकदम व्हिडिओ लावला तर साधा राउटर अडखळणारच. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ॲपवर पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून धडा आधीच उतरवून ठेवता येतो. मग वर्गात नेट लागत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये शाळेतल्या फोनवर सरसकट बंदीऐवजी नियमन सुचवले. तास नसताना फोन शाळेत जमा करावा, हे ठीकच. मात्र तो हरवला किंवा फुटला तर भरपाई कोणाची, हे पालकांनी आधीच लेखी ठरवून घ्यावे.