नाडी मोजणारे घड्याळ

मागच्या लेखात आपण पाणबुड्यांच्या घड्याळांची फिरती कडी पाहिली. या आठवड्यात क्रोनोग्राफ, आणि त्यातही एकच प्रकार: डॉक्टरांचा.

क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीच्या मनगटी घड्याळातच बसवलेले स्टॉपवॉच. वरची कळ दाबली की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो, खालची दाबली की झटक्यात बारावर परत येतो. जुना क्रोनोग्राफ हाती आला की मी आधी डायलची कड वाचतो. तिथे छापलेल्या बारीक आकड्यांवरून तो कोणासाठी बनवला होता ते कळते. टॅकिमीटरची पट्टी असेल तर वेग मोजण्यासाठी. टेलीमीटर असेल तर अंतर मोजण्यासाठी: वीज चमकली की काटा सुरू करायचा, गडगडाट ऐकू आला की थांबवायचा, पट्टीवर किलोमीटर वाचायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. ही पट्टी मुळात तोफखान्याच्या कामाची, पण धानाच्या बांधीत रोवणी चालू असताना अंगावर वीज येण्याची भीती ज्याला ठाऊक आहे, त्या आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला तिचा उपयोग वेगळा सांगायला नको.

तिसरी पट्टी पल्सोमीटरची. तिच्यावर बहुधा 30 किंवा 15 ठोक्यांसाठी अशी नोंद असते. डॉक्टरने रोग्याचे मनगट धरायचे, काटा सुरू करायचा, 30 ठोके मोजून थांबवायचा. काटा जिथे थांबेल तिथे छापलेला आकडा म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. 30 ठोक्यांना 20 सेकंद लागले तर 90, 25 लागले तर 72. गुणाकार नाही, कागद नाही. काही घड्याळांवर याच्या जोडीला श्वासांची अस्थमोमीटर पट्टी असते. तिच्यावर पाच श्वास मोजायचे. पाच श्वासांना 10 सेकंद लागले तर मिनिटाला 30, सहा सेकंद लागले तर 50.

नाडी घड्याळावर मोजण्याची पद्धत मांडली जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने. 1707 साली त्याने या विषयावर पुस्तकच लिहिले आणि बरोबर एक मिनिट चालेल असे घड्याळ बनवून घेतले. त्याआधी तो जहाजावरचे एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ वापरत असे. ते सोबत नेणे अवघड, म्हणून त्याने खिशात मावेल असे यंत्र करवून घेतले. डॉक्टरांचा क्रोनोग्राफ ही त्या घड्याळाचीच पुढची पिढी.

आता मोजणीच्या याच प्रश्नासाठी गडचिरोलीकडे येऊ. 1982 साली चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला आणि 1986 साली अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलांच्या मृत्यूंमध्ये न्यूमोनिया हे मोठे कारण होते. न्यूमोनिया ओळखण्याची सर्वांत भरवशाची बाहेरची खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास असले की धोका. हे मोजायचे कोणी? गावात डॉक्टर नव्हता. दाई होती, पण अनेक दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नसे.

डॉक्टरांच्या घड्याळावरची पाच श्वासांची पट्टी इथे उपयोगाची नव्हती, आणि तिचा दोष घड्याळाची आवड असणाऱ्यांनी समजून घ्यायला हवा. पाच श्वास मोजताना एका सेकंदाची चूक झाली तर 60 चे 50 होतात. तान्हे बाळ तर एकसारखा श्वास घेतच नाही. भराभर चार-पाच श्वास घेते, मग काही क्षण थांबते. म्हणून त्याचे श्वास पूर्ण मिनिटभरच मोजावे लागतात. मोठ्या माणसाच्या नाडीला थोडा वेळ मोजून भागते, बाळाच्या श्वासाला भागत नाही.

गडचिरोलीत यावर जे साधन तयार झाले ते ‘ब्रेथ काउंटर’. एका पाटीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाच्या वयानुसार मण्यांच्या दोन ओळी. दाईने फक्त दहापर्यंत मोजायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे धरून उपचार. फ्लॉयरने सोबत नेणे अवघड म्हणून बाजूला ठेवलेले मिनिटाचे वाळूचे घड्याळ अडीचशेहून अधिक वर्षांनी इथे दाईच्या हाती आले, आणि पन्नासपर्यंत मोजता न येण्याची अडचण उरली नाही. गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध देण्याच्या गडचिरोलीतल्या प्रयोगाचे निष्कर्ष 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: 58 गावांत प्रयोग झाला, तुलनेला 44 गावे होती, आणि प्रयोगाच्या गावांत मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू 54 टक्क्यांनी कमी दिसले.

मला हे साधन कोणत्याही स्विस क्रोनोग्राफच्या बरोबरीचे वाटते. संग्राहकांच्या बाजारात शर्यतीच्या आणि चंद्रावर गेलेल्या घड्याळांना भाव आहे. माझ्या लेखी पल्सोमीटरचे घड्याळ त्यांच्या वरचे. ते कोणाच्या तरी उशाशी बसून वापरले गेले आहे.

म्हणूनच त्याच्या डायलची जपणूक महत्त्वाची. आपल्याकडे जुने घड्याळ दुरुस्तीला दिले की ‘डायल नवे करून देऊ’ असे हमखास सुचवले जाते. जुना रंग खरवडून, पत्रा घासून त्यावर नव्याने छपाई होते. साध्या घड्याळाचे यात रूप बिघडते. पल्सोमीटरचे मात्र कामच बिघडते, कारण बारीक रेषा अर्ध्या मिलिमीटरने सरकल्या तरी मोजमाप खोटे ठरते. घेताना स्वतः तपासा. 30 ठोक्यांच्या पट्टीवर 15 सेकंदांच्या खुणेसमोर 120, 20 समोर 90 आणि 30 समोर 60 आलेच पाहिजेत. नाही आले तर डायल पुन्हा छापलेले आहे, मग ते कितीही चकचकीत असो.

मशीनबद्दल थोडे. कळ दाबताना ती अडली तर जोर लावू नका. वर्षानुवर्षे पडून राहिलेले तेल चिकट होते, आणि त्या अवस्थेत चालवले तर धुऱ्यांची टोके झिजतात. आधी पूर्ण उघडून सफाई आणि ऑइलिंग, मगच कळांची परीक्षा. लँडरॉन 48 या मशीनमध्ये वरची कळ फक्त सुरू करते. थांबवण्याचे आणि परत आणण्याचे काम खालची करते. हे ठाऊक नसल्याने चांगली घड्याळे ‘बिघडलेली’ म्हणून विकली जातात. अंधारात चमकण्यासाठी काट्यांवर लावलेला जुना लेप रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचे आहे. तो घरी कधीही खरवडू नये. आणि जून ते सप्टेंबर हे घड्याळ मनगटावर नको. जुन्या क्रोनोग्राफच्या कळांतून दमट हवा सरळ आत शिरते.

चंद्रपूर, गडचिरोली, नागपूरकडच्या जुन्या डॉक्टरांच्या घरांत कपाटात एखादे बंद पडलेले घड्याळ असेल, तर भंगारात देण्याआधी त्याच्या डायलची कड भिंगाखाली वाचा. पट्टी सापडली तर मशीन साफ करून घ्या, काच बदलली तरी चालेल. डायलला मात्र कोणाला हात लावू देऊ नका.