बोलणें आणि यंत्राचे सूर

नभोवाणीवरून गाणें ऐकूं येतें, भाषण ऐकूं येतें आणि नाटकहि ऐकूं येतें. या तिन्हींत न बसणारा एक चौथा प्रकार गेल्या पाऊणशे वर्षांत निरनिराळ्या देशांत वाढीस लागला आहे. त्यांत सामान्य माणसांचें साधें संभाषण असतें आणि त्याच्या जोडीला यंत्रानें निर्माण केलेले सूर असतात. तें संभाषण कोणा नाटककारानें लिहिलेलें नसतें, आणि ते सूर कोणा वादकाच्या बोटांतून निघालेले नसतात. अशा कृतीला आपण ‘ध्वनिरचना’ म्हणूं. ती कशी घडते, आपल्या परंपरेशीं तिचें नातें काय, आणि आपल्या भंडारा जिल्ह्यांत ती कोणी करूं म्हटलें तर कोणतें पथ्य पाळावें, एवढ्याचाच विचार आज करावयाचा आहे.

बोलणें आणि सूर यांचा शेजार आपल्याकडे नवा नाहीं. कीर्तनकार आख्यान सांगतां सांगतां पदाकडे वळतो, आणि पद संपतांच पुन्हां कथेच्या वाटेला लागतो. आमच्या झाडीपट्टींतील खडी गंमत पाहा. शाहिराचा प्रश्न आणि नाच्याचें उत्तर चालू असतां ढोलकीवाल्याचे कान शब्दावर खिळलेले असतात. विनोद ऐन रंगांत आला कीं तो हात आवरतो, आणि बोल संपतांच थाप मारून त्याला उचलून धरतो. दिवाळीनंतरच्या मंडईंत दंडारीला बसलेल्या प्रेक्षकांना हें शिकवावें लागत नाहीं. परंतु तेथें डोळ्यांनाहि काम असतें. नभोवाणीपुढें बसलेल्या श्रोत्याला कानाखेरीज दुसरें साधन नाहीं. पडदा, प्रकाश आणि हावभाव यांचीं सर्व कामें तेथें ध्वनीलाच करावीं लागतात. म्हणून शब्द आणि सूर यांचें नातें तेथें अधिक नाजूक होऊन बसतें.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें केंद्र उघडल्यावर आपल्या भागाला जवळचा आवाज मिळाला. मराठींत या नात्याचा मूलगामी विचार करणाऱ्यांत बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. कवि म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांची बरीच नोकरी नभोवाणींत झाली, आणि ‘कर्ण’, ‘औक्षण’, ‘बदकांचें गुपित’ अशा संगीतिकाहि त्यांनीं लिहिल्या. आपल्या जुन्या संगीत नाटकांत संवाद थांबतो आणि मग पद सुरू होतें. संगीतिकेंत संवादच स्वरांत बांधलेला असतो, त्यामुळें ही फारकत उरत नाहीं. पुढें ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांत मर्ढेकरांनीं संवाद, विरोध आणि समतोल अशीं लयीचीं तीन तत्त्वें मांडलीं. सारख्याशीं सारखें जुळलें तर संवाद, विजोड समोर आलें तर विरोध, आणि दोन वेगळ्या गोष्टींनीं एकमेकींचा भार तोलून धरला तर समतोल. ध्वनिरचना तपासावयास यापेक्षां सोपी कसोटी शोधण्याचें कारण नाहीं.

आतां थोडें बाहेर पाहूं. ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं पॅरिसच्या नभोवाणीवर पिएर शेफेर यांनीं नुसत्या आवाजांतून घडविलेल्या पांच रचना ऐकविल्या. त्यांपैकीं एक रेल्वेच्या इंजिनांच्या मुद्रित आवाजांची होती. कोणताहि ध्वनि कापतां, जोडतां व उलटवितां येतो आणि त्यांतून संगीत होऊं शकतें, हें त्यांनीं दाखविलें. बी. बी. सी.नें १९५८ सालीं अशा कामासाठीं एक कार्यशाळा उघडली. तेथील डेलिया डर्बीशर आणि लेखक बॅरी बरमांझ यांची ‘स्वप्नें’ ही रचना ५ जानेवारी १९६४ रोजीं प्रसारित झाली. निरनिराळ्या माणसांनीं सांगितलेलीं स्वप्नें मुद्रित करून त्यांचे तुकडे केले, आणि पळणें, पडणें, पाण्याखालीं जाणें अशा विषयवार पांच भागांत ते लावून त्यांमागें विद्युत्-यंत्रांतून काढलेले ध्वनि ठेवले. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनीं १९६७ च्या डिसेंबरांत याहून धीट पाऊल टाकलें. उत्तरेच्या प्रदेशाविषयीं पांच माणसांचीं मनोगतें घेऊन त्यांतील आवाज त्यांनीं एकावर एक असे गुंफले कीं बोलणेंच संगीताप्रमाणें ऐकूं यावें. खालीं सतत आगगाडीची घरघर ठेवून तिच्याकडून त्यांनीं तंबोऱ्याचें काम करून घेतलें.

यंत्रानें सूर ‘निर्माण’ करावयाचे म्हणजे काय, हें पुष्कळांना गूढ वाटतें. तें तितकें गूढ नाहीं. समजा, आपण यंत्राला भूप रागाचे सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर दिले आणि नियम घातला कीं गंधारानंतर दहांपैकीं सहा वेळां रिषभ यावा, तीन वेळां पंचम आणि एक वेळ पुन्हां गंधारच. नेमका कोणता केव्हां, हें फांसे टाकल्याप्रमाणें यदृच्छेवर सोडलें. मग दर खेपेस चाल नवी निघते, पण मध्यम किंवा निषाद चुकूनहि येत नाहीं. नियम आणि यदृच्छा यांच्या या मिलाफानें १९५७ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनीं संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठीं एक रचना सिद्ध करविली. आपल्या देशांतहि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालीं विद्युत्-संगीताची शाळा उभी राहिली होती. आजचा संगणक आणखी एक गोष्ट करूं शकतो. बोलणाऱ्याच्या आवाजाची उंची, गति आणि त्याचे थांबे मोजून त्यांवरून तो स्वर निवडतो. म्हणजे फांशांच्या जागीं माणसाचा आवाजच येऊन बसतो.

येथेंच खरी अडचण सुरू होते. समजा, आंधळगांवच्या एखाद्या कोसा विणणाऱ्या वृद्ध दंपतीचें संभाषण आपण मुद्रित केलें. मागाची खटखट चालू आहे, बाई धागा सांधीत झाडीबोलींत कांहीं सांगत आहे, आणि नवरा मधूनच हुंकार देत आहे. आतां त्याला सूर जोडावयाचे आहेत. धोट्याच्या येरझारीची गति घेऊन तिच्यावर यंत्राचे सूर बसविले तर संवाद साधेल. बाई धंद्याच्या मंदीविषयीं बोलत असतां वर एखादा निर्विकार, संथ स्वर धरून ठेवला तर विरोधानें तिचे शब्द अधिक ठसठशीत ऐकूं येतील. आणि बोलणें चालू असतां सूर गप्प, बोलणें थांबतांच सूर पुढें, अशी देवघेव ठेवली तर समतोल राहील. ढोलकीवाला करतो तें हेंच. परंतु या तिन्हींहून सोपी एक वाट असते, आणि बहुतेक जण तिनेंच जातात. सारें संभाषण एका करुण, गोड सुरावटींत भिजवून टाकावयाचें! मग श्रोत्याला शब्द ऐकण्याची गरजच उरत नाहीं. बाई हंसून बोलली कीं कष्टानें, हें कळण्यापूर्वींच त्याला रडू येऊं लागतें. तिनें जें सांगितलें तें तिचें राहत नाहीं.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतींत हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हे. हातमागावर बसणारे हात कमी होत चालले आहेत, आणि शहरांतल्या आपल्या घरांतून झाडीबोलीहि मागें हटत आहे. उद्यां कित्येक घरांत आजीचा आवाज मुद्रणांतच उरेल. त्यांतले शब्द, त्यांचे हेल, आणि उत्तरापूर्वीं ती घेत असे तो क्षणभराचा विराम, हें सगळें ऐकूं आलें तरच त्या मुद्रणाला अर्थ आहे. यंत्राला मोकळी जागा दिसली कीं ती भरावी, एवढेंच सांगितलें तर तें विरामहि भरून टाकील. ती जागा रिकामी ठेवण्याचा नियम माणसानेंच त्याला घालून द्यावा लागतो.

म्हणून हें काम हातीं घेऊं इच्छिणाऱ्या तरुणांनीं तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, मूळ संभाषण सुरांवांचून अखंड जपून ठेवावें. दुसरी, सूर बसविल्यावर एकदां डोळे मिटून ऐकावें, आणि एक जरी शब्द बुडाला तरी सूर कमी करावा, शब्द कापूं नये. तिसरी, तयार झालेली रचना प्रसारित करण्यापूर्वीं ज्यांचें बोलणें त्यांत आहे त्यांना त्यांच्या अंगणांत बसून ऐकवावी. ‘हें मीच बोललें’ असें त्यांनीं म्हटलें तर ती रचना साधली असें समजावें. आणि त्यांनीं नुसतें ‘गाणें छान आहे’ म्हटलें, तर पुन्हां कामाला बसावें.