तीस अँटेना आणि एक गॅस क्रॅकर : ओपन सोर्स कंट्रोल सिस्टिम किती मोठी होऊ शकते?

पीएलसी आणि डीसीएस यांतला फरक आपण मागच्या व्याख्यानात पाहिला. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर टेबलावरचा एक पंप चालवून दाखवता येतो, हे आता कुणी नाकारत नाही. पण त्याच सॉफ्टवेअरवर अख्खा कारखाना चालेल का? आणि चालत नसेल, तर नेमकं कुठे अडतं?

मोजपट्टी म्हणून आपण रायगड जिल्ह्यातलं नागोठणं घेऊ. मुंबई-गोवा महामार्गावरचं, अंबा नदीकाठचं हे गाव. गावाजवळ इंडियन पेट्रोकेमिकल्सने, म्हणजे आयपीसीएलने, गॅस क्रॅकर उभारला. २००२ मध्ये आयपीसीएल रिलायन्सकडे गेली. उरणहून येणाऱ्या वायूतले इथेन आणि प्रोपेन हा इथला मूळ कच्चा माल. पुढे दहेजपासून नागोठण्यापर्यंत इथेनची पाइपलाइनही आली. भट्टीत साधारण ८०० ते ८५० अंश तापमानाला इथेनचं विघटन होतं, आणि तेही एका सेकंदाहून कमी वेळात. मग तो वायू ताबडतोब थंड करायचा, कॉम्प्रेसरने दाबायचा, अतिशीत करून त्यातून इथिलीन वेगळं काढायचं. या संकुलाने मोठा अपघातही पाहिला आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये इथे वायुगळती होऊन स्फोट झाला आणि ३० हून अधिक माणसं गेली. म्हणून इथे ‘सिस्टिम मोठी होते का’ हा प्रश्न नुसता संगणकाचा राहत नाही.

आता आकाराचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं बघू. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. दुर्बिणीचं नूतनीकरण करताना तिच्या नियंत्रणासाठी ‘टँगो’ ही ओपन सोर्स चौकट घेतली गेली. टँगोचा जन्म फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या सिंक्रोट्रॉन केंद्रातला. पुण्याच्या एनसीआरए संस्थेने टीसीएसच्या अभियंत्यांसोबत हे काम केलं, आणि त्याच अनुभवावर आंतरराष्ट्रीय एसकेए दुर्बिणीच्या नियंत्रण व्यवस्थेच्या आराखड्याचं नेतृत्वही केलं. एसकेएचा आकार बघा : दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या आणि ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ लहान अँटेना. तिथेही टँगोच आहे.

म्हणजे संख्येचा प्रश्न ओपन सोर्सने सोडवलेला आहे. कसा, ते तीन मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा उतरंडीचा. अँटेना वळवण्याचं क्षणाक्षणाचं काम तिच्या पायथ्याशी असलेला कंट्रोलर करतो. मध्यवर्ती कक्ष फक्त ‘अमुक दिशेला बघ’ एवढंच सांगतो. अँटेना वाढल्या तरी केंद्रावरचा भार त्या प्रमाणात वाढत नाही.

दुसरा मुद्दा नावाचा. हजारो टॅगमधला आपल्याला हवा तो कुठल्या यंत्रावर आहे, हे कळणार कसं? ‘एपिक्स’ ही दुसरी प्रसिद्ध ओपन सोर्स चौकट आहे. तिची मूळ पद्धत म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना हाक मारायची : हा टॅग कुणाकडे आहे? छोट्या वाडीत हे चालतं, शहरात नुसता गलका होतो. म्हणून मोठ्या एपिक्स मांडणीत नेटवर्कचे भाग पाडून मध्ये गेटवे बसवतात. टँगोमध्ये पत्त्यांची एक मध्यवर्ती वही असते. हाका वाचतात, पण सगळी यंत्रणा एकदम चालू केली की सगळे त्या एकाच दाराशी रांग लावतात. प्रत्येक पद्धतीची स्वतःची अडचण आहे आणि ती आधी ओळखावी लागते.

तिसरा मुद्दा, बदल झाला तरच बोलायचं. १०,००० टॅग दर सेकंदाला वाचले तर दिवसाला ८६ कोटी ४० लाख नोंदी होतात. पण साठवण टाकीचं तापमान तासभर हलतच नाही. ठरावीक मर्यादेबाहेर बदल झाला तरच नोंद पाठवायची, असं केलं की हा डोंगर खूपच लहान होतो. मर्यादा फार सैल ठेवली तर मात्र हळूहळू सरकणारा बिघाड दिसत नाही, हेही ध्यानात ठेवायचं.

मग जे खोडदला जमलं ते नागोठण्यासारख्या कारखान्यात तसंच का उचलता येत नाही? आजचा मुख्य मुद्दा इथे आहे. दुर्बीण समांतर वाढते, क्रॅकर साखळीने वाढतो. एक अँटेना बंद पडली तर उरलेल्या २९ निरीक्षण करत राहतात. चित्र थोडं फिकं येतं, इतकंच. क्रॅकरमध्ये भट्ट्या अनेक असतात, पण त्यांचा सगळा वायू बहुधा एकाच मोठ्या कॉम्प्रेसरमधून जातो. तो ट्रिप झाला की मागच्या भट्ट्यांना जागा नाही आणि पुढच्या प्लांटला माल नाही. मिनिटांत सगळं फ्लेअरकडे वळतं. साखळीत प्रत्येक नवी कडी नुसती बेरीज करत नाही, आधीच्या सगळ्या कड्यांशी नातं जोडते.

याचा पहिला फटका पॅनेल ऑपरेटरला बसतो. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथे २४ जुलै १९९४ रोजी रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. सॉफ्टवेअरला २७५ अलार्म म्हणजे काहीच नाही; माणसाला तो पूर आहे. त्यानंतर रुळलेली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, गडबड झाल्यावरही पहिल्या १० मिनिटांत अलार्म दहाच्या आत असावेत. थोडक्यात, सिस्टिम वाढवता येते, ऑपरेटर वाढवता येत नाही. अलार्मची छाननी सॉफ्टवेअर फुकट करून देत नाही. टॅगगणिक बसून ती माणसांनीच करायची असते.

दुसरी अडचण काळाची. क्रॅकर वर्षानुवर्षं अखंड चालतो. कंट्रोलर बिघडला तर जोडीच्या कंट्रोलरने व्हॉल्व्हला धक्का न लागता सूत्रं घ्यावी लागतात, आणि प्लांट न थांबवता प्रोग्रॅममध्ये बदल करता यावा लागतो. होनीवेल आणि योकोगावा यांनी १९७५ मध्ये पहिल्या डीसीएस आणल्या, तेव्हापासून ही मंडळी हेच विकत आली आहेत. प्लांट सुरक्षित बंद करणारी यंत्रणा तर वेगळीच, प्रमाणित हार्डवेअरवर ठेवतात. तिथे ‘आम्ही करून बघतो’ला जागा नाही.

मग दार बंदच आहे का? तसं नाही. एक्सॉनमोबिलच्या पुढाकाराने २०१६ मध्ये ओपन प्रोसेस ऑटोमेशन फोरम सुरू झाला. त्यांच्या खुल्या मानकावर आधारलेली यंत्रणा अमेरिकेत बॅटन रूजच्या प्लांटवर २०२४ च्या अखेरीस चालू झाली : सुमारे १०० लूप आणि हजारावर सिग्नल. मात्र एक लक्षात घ्या, खुलं मानक आणि खुला सोर्स या वेगळ्या गोष्टी आहेत. मानकामुळे एका कंपनीचा कंट्रोलर काढून दुसरीचा बसवता येतो; सोर्समुळे आत काय चाललंय ते वाचता येतं. कारखान्याला बरेचदा पहिल्याची गरज आधी असते.

आता आपल्याकडच्या लहान उद्योगांचं. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीसारख्या ठिकाणी रसायनांचे मध्यम आणि छोटे कारखाने आहेत. तिथे टॅगच्या संख्येवर आकारलं जाणारं लायसन्स जड जातं. अशांनी सुरुवात कडेकडेने करावी : सांडपाणी प्रक्रिया, कूलिंग टॉवर, विजेचा हिशेब, टाक्यांच्या पातळ्या. म्हणजे जिथे यंत्रणा तासभर बंद पडली तरी माणूस हाताने सांभाळू शकतो, तिथे. आधी फक्त वाचायचं, मग नियंत्रण करायचं.

आणि वाढवण्याआधी चार प्रश्न विचारायचे. टॅग दुप्पट झाले तर स्कॅनला किती वेळ लागेल? चालू असताना मुख्य सर्व्हरची केबल ओढली तर व्हॉल्व्ह कुठल्या स्थितीत जातील? सर्वात वाईट दहा मिनिटांत ऑपरेटरसमोर किती अलार्म येतील? आणि रात्री दोन वाजता बिघाड झाला तर कोण येईल? पहिल्या तिन्हींची उत्तरं वर्कशॉपमध्ये चाचणी घेऊन मिळतात, अंदाजाने नाही.

चौथ्याचं उत्तर मात्र विकत मिळत नाही. ओपन सोर्समध्ये लायसन्सचा खर्च वाचतो, पण तो पैसा माणसांवर घालावा लागतो. रायगडमध्येच लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत. एखाद्या कारखान्याने सोर्स वाचू शकणारे दोन-तीन तंत्रज्ञ तयार केले आणि ते टिकवले, तर त्याची सिस्टिम त्यांच्याबरोबर वाढेल. तो एकटा जाणकार नोकरी सोडून गेला आणि मागे कागदावर काहीच राहिलं नाही, तर मुक्त सोर्ससुद्धा कुलूपबंद पेटीच ठरतो.

पुढच्या व्याख्यानात आपण अलार्मची छाननी प्रत्यक्ष कशी करतात ते पाहू. तोवर आपल्या प्लांटमधल्या एका युनिटची अलार्मची यादी काढून ठेवा, आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा : हा वाजला तर ऑपरेटरने नेमकं काय करायचं?