काळ्या पाण्याची सहल: अंदमानला जाण्याआधीचा हिशेब

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या घरांतले बेत ठरलेले असतात. नानीचं गाव, दोन-तीन लग्नं आणि उरलेल्या दिवसांत घराची साफसफाई. ‘फिरायला जाणं’ ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यासाठी वेगळे पैसे बाजूला टाकावे लागतात, हे आमच्याही घरात फार उशिरा सुचलं. यंदा मुलगी दहावीची परीक्षा देते आहे. पुढे ती कुठल्या गावी शिकायला जाईल सांगता येत नाही. सगळे एकत्र कुठे जायचं असेल तर याच सुट्टीत, असं आम्ही ठरवलं. ठिकाण धाकट्याने सुचवलं: अंदमान. कारण एवढंच की नकाशावर ते सगळ्यात लांब होतं.

अम्मींचा पहिला प्रश्न होता, “एवढे पैसे पाण्यात घालायचे?” आणि दुसरा, जास्त खरा, “माझ्या उमराहचं काय?” हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो आणि तो टाळून सहल ठरवू नये, असं आमचं मत आहे. आम्ही वही घेऊन बसलो. उमराहचं खातं वेगळं आहे, त्याला हात लावायचा नाही. अम्मींच्या पासपोर्टचा अर्ज आधी भरायचा, तिकिटं नंतर काढायची. सहलीसाठी फक्त दोन वर्षांच्या भिशीचे एक लाख सत्तर हजार. त्यात बसेल तेवढेच दिवस, बसणार नाही ते सोडून द्यायचं. पासपोर्टचा अर्ज गेला तेव्हा अम्मींचा आवाज थोडा खाली आला. पूर्ण राजी झाल्या असं मात्र म्हणवत नाही. इस्राफ हा शब्द अजून दिवसातून एकदा ऐकू येतोच.

पाच माणसांच्या विमानातच निम्म्याहून अधिक रक्कम जाते. मुंबईहून बहुधा चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात. भाडं कमी, पण समुद्रावर तीन-चार दिवस जातात आणि तितकेच परतताना. सुट्टी मोजून मिळते त्यांनी आणि वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी जहाजाचा मोह सोडावा.

महिना ठरवताना शिक्षकांची पंचाईत होते. अंदमानचा चांगला काळ डिसेंबर ते एप्रिल, आणि नेमकी तेव्हा शाळा. नाताळात गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. दिवाळीच्या सुट्टीत बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस. उरतो मेचा पहिला आठवडा. उकाडा असतो, पण मोसमी पाऊस अंदमानच्या समुद्रावर साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, त्याच्या आत परतायचं. निकाल लावून दुसऱ्या दिवशी निघायचं, असं ठरलं आहे.

पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉकला 2018 पासून स्वराज द्वीप म्हणतात आणि नीलला शहीद द्वीप. तिकिटं काढताना दोन्ही नावं माहीत असलेली बरी. शहर पाहून झालं की लोक या दोन बेटांवर जातात. श्री विजयपुरमहून स्वराज द्वीप खाजगी बोटीने दीड-दोन तास, सरकारी बोटीला त्याहून जास्त वेळ, पण तिकीट बरंच स्वस्त. क्रम असा ठेवावा: आधी विमान, मग बोट, मग खोली. बोटीत जागा नसेल तर बेटावरची खोली काय कामाची? शिवाय समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. म्हणून शेवटची रात्र शहरातच काढायची, बेटावर नाही. परतीचं विमान चुकलं तर पाच तिकिटांचा भुर्दंड भिशी सोसणार नाही.

आमची सगळ्यात जास्त चर्चा घड्याळावर झाली. अंदमान फार पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. मेच्या सुरुवातीला तिथे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेपाचच्या आसपास मावळतो. म्हणजे मुंबईच्या जवळजवळ दीड तास आधी मगरिब! फजरची वेळ पावणेचारच्या सुमारास सुरू होते. इथल्या सवयीने आठ वाजता उठणाऱ्याची फजर तर जाईलच, किनाऱ्याची सगळ्यात छान वेळही जाईल. म्हणून आमचा दिवस फजरला सुरू होऊन इशानंतर लगेच संपणार. तिथल्या वेळांचा तक्ता आधीच मोबाईलमध्ये घेऊन ठेवला आहे. आमच्या घरात हनफी आणि शाफई दोन्ही असल्यामुळे कसर नमाजवरही गोड वाद झाला. हनफी मसलकात पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाचा इरादा असेल तर कसर. शाफईंकडे येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवसांचा मुक्काम ठरला की पूर्ण नमाज. आमचा मुक्काम कुठेच तीन रात्रींपेक्षा जास्त नाही, त्यामुळे वाद आपोआप मिटला.

खाण्याची चिंता वाटली होती तेवढी नाही. शहरात अॅबर्डीन बाजाराच्या भागात मुस्लिम वस्ती आणि मशीद आहे. बेटांवर मासे आहेतच. कोकणातल्या माणसाला आणखी काय हवं!

अम्मींचं मन थोडं वळलं ते मात्र समुद्राने नाही. उर्दूच्या तासाला गालिब शिकवताना मौलाना फजले हक खैराबादी यांचं नाव आम्ही घेतोच. गालिबचे जवळचे मित्र, मोठे आलिम. 1857 च्या उठावात भाग घेतल्याबद्दल त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि 1861 मध्ये अंदमानातच त्यांचा इंतकाल झाला. तिथे असतानाच त्यांनी उठावाची हकीकत अरबीत लिहिली. त्यांची कबर शहराच्या साउथ पॉइंट भागात आहे. पुष्कळांना वाटतं की ते सेल्युलर जेलमध्ये होते. तसं नाही. त्या जेलचं बांधकाम 1896 ला सुरू होऊन 1906 ला पुरं झालं. मौलानांच्या वेळी कैद्यांना जंगल तोडून वस्ती उभारावी लागत होती. 1872 मध्ये शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला इथेच ठार केलं आणि त्याला व्हायपर बेटावर फाशी दिलं गेलं. 1921 च्या मलबारमधल्या उठावानंतर मोपला कैदी इथे आणले गेले. त्यातले कितीतरी इथेच वसले आणि त्यांनी गावांना आपल्या मुलखातली नावं दिली: कालिकत, मंजेरी, तिरूर, वंडूर. प्रवाळ पाहायला जाणाऱ्या बोटी ज्या वंडूरहून सुटतात, तेच हे वंडूर. हे सगळं ऐकून अम्मी म्हणाल्या, “मग पहिल्या दिवशी तिथं जाऊ. पाणी काय, नंतर बघू.” सेल्युलर जेलच्या सातपैकी तीनच बाजू आता उभ्या आहेत. तीही दुपारच्या उन्हात नाही, सकाळीच पाहायची.

एक ठिकाण आम्ही यादीतून काढलं. बाराटांगला जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने नेतात, थांबायची आणि फोटो काढायची मनाई आहे. तरी “जारवा दिसतील का?” हा प्रश्न पर्यटक विचारतातच. माणसं बघायला म्हणून त्या रस्त्याने जायचं आम्हाला पटलं नाही. धाकटा चुनखडीच्या गुहांसाठी रुसला आहे. रुसू दे.

त्याऐवजी स्वराज द्वीपवर राधानगरचा किनारा आणि शहीद द्वीपवर भरतपूर. भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटी असतात, त्यातून अम्मींना कपडे न भिजवता प्रवाळ दिसेल. तिथला खडकाचा नैसर्गिक पूल फक्त ओहोटीला जवळून पाहता येतो आणि वाट निसरडी आहे, म्हणून तो मुलांपुरता. शंख-प्रवाळ उचलून आणायचे नाहीत, हे दोघांना आत्ताच बजावलं आहे. तो कायद्याने गुन्हा आहे. काही किनाऱ्यांवर मगरींच्या इशाऱ्याचे फलक असतात. तिथे जीवरक्षकाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय नाही. बेटांवर एटीएमचा भरवसा नाही, रोख रक्कम शहरातूनच घ्यावी.

मुलीला पाण्यात मास्क लावून प्रवाळ पाहायचे आहेत. पूर्ण अंगाचा पोहण्याचा पोशाख आणि डोक्याला घट्ट टोपी घेतली आहे. कापडाची कड किंवा केस मास्कच्या रबराखाली आले की पाणी आत शिरतं, म्हणून ते सगळं टोपीत आत सारायची सवय घरीच करून घ्यावी. तिची परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवसापासून आम्ही मायलेकी तरण तलावाच्या महिलांच्या वेळेत जाणार आहोत. एक महिना हातात आहे. अम्मींनीही वेळ विचारून ठेवली आहे, नुसतं बाकावर बसून बघायला.