सूत कोणाचे आणि साचा कोणाचा?
वऱ्हाडचा कापूस, राष्ट्रांची स्पर्धा आणि दलित

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिम काठावर, असदगडापासून फार लांब नसलेल्या एका वस्तीत आमचा अभ्यासवर्ग भरतो. मागच्या बैठकीत विषय होता चीन आणि अमेरिका यांच्यातील व्यापारयुद्ध. बी.ए.ला असलेल्या एका मुलाने विचारले, "सर, कारखाना इंग्लंडात असो, जपानात असो की चीनमध्ये, आपल्या वस्तीचा त्याच्याशी काय संबंध? माझी आजी जिनात कापूस वाहत होती, माय कापूस वेचते. कारखान्याचा मालक कोण्या देशाचा, याने तिच्या मजुरीत काय फरक पडतो?"

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. औद्योगिक सत्ता एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे कशी गेली, हा इतिहास आपल्याला राष्ट्रांच्या भाषेत शिकवला जातो. मँचेस्टर जिंकले, मग जपान जिंकले, मग चीन जिंकला. या भाषेत 'राष्ट्र' हे एकजिनसी मानलेले असते. राष्ट्राच्या आत नफा कोणाच्या वाट्याला येतो आणि घसरणीची किंमत कोण मोजतो, हे त्यात दिसत नाही. वऱ्हाडच्या कापसाचा दीडशे वर्षांचा प्रवास या दृष्टीने तपासला म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हापासून या काळ्या मातीचे महत्त्व मँचेस्टरला कळले. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. सरकारने वऱ्हाड व मध्य प्रांतासाठी कापूस कमिशनर नेमला. रिव्हेट-कार्नॅक हे त्याचे नाव. त्याने आपला हिशेब लपवून ठेवला नाही. रेल्वेची शाखा आत गेली की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, कच्चा कापूस अधिक मिळेल आणि सूतकताई-विणकामात गुंतलेले लोक शेतमजुरीसाठी मोकळे होतील, अशी त्याची अपेक्षा होती. म्हणजे कारागिराचे शेतमजुरात होणारे रूपांतर त्याला आधीच दिसत होते, आणि ते त्याला हवेही होते.

हे कारागीर कोण होते? आपल्या राष्ट्रवादी अर्थशास्त्राने बुडालेल्या विणकरासाठी पुष्कळ अश्रू ढाळले. पण तो विणकर कोणत्या जातीचा होता हे क्वचितच विचारले. वऱ्हाड-नागपूरकडील महार केवळ गावकीची कामे करीत नव्हता. जाडेभरडे कापड विणणे हा त्याच्यातील कितीतरी कुटुंबांचा धंदा होता. तलम वस्त्र कोष्ट्याचे, तर शेतकऱ्या-मजुराच्या अंगावरचे जाड कापड महाराच्या मागावरचे. गिरणीच्या सुताने प्रथम घरी सूत कातणाऱ्या बायांचे काम घेतले. जाड कापडाने त्यानंतरही काही काळ तग धरला. पण रेल्वे आली, गिरणीचे कापड आठवडी बाजारात पोचले आणि माग बंद पडत गेले. ज्याच्याजवळ जमीन होती तो विणकर शेतीकडे वळला. ज्याच्याजवळ जमीन नव्हती तो दुसऱ्याच्या शेतात निंदायला आणि कापूस वेचायला गेला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या भूमिहीनांचे काय झाले असेल, ते वेगळे सांगायला नको.

याच काळात मँचेस्टरला मुंबई हा प्रतिस्पर्धी उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारात जाऊ लागले. १८७३ नंतर चांदीचा भाव घसरत होता. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. म्हणून रुपयाही घसरत होता. स्वस्त रुपयामुळे मुंबईला जणू सरकारी बक्षीस मिळते, अशी मँचेस्टरची ओरड होती. भारतीय गिरणीमालकांना स्वस्त रुपया राष्ट्रहिताचा वाटत होता.

या वादात एक तिसरी बाजू आहे, आणि ती डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रूपी' या ग्रंथात मांडली. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: रुपया घसरला की देशात वस्तूंचे भाव चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. निर्यातदाराला जो जादा नफा होतो तो परदेशातून आलेला नसतो. भाव आणि मजुरी यांच्यातील फरकातून, म्हणजे देशातल्याच मजुराच्या ताटातून तो काढलेला असतो. एका वर्गाचे नुकसान हा दुसऱ्या वर्गाचा फायदा, आणि त्यालाच राष्ट्राचा फायदा म्हटले जाते. कार्यकर्त्याने हा युक्तिवाद पक्का समजून घेतला पाहिजे. पुढे प्रत्येक सत्तांतरात त्याचा प्रत्यय येतो.

चीनचे ते गिऱ्हाईक मुंबईजवळ टिकले नाही. १८९३ साली मुंबई-कोबे बोटसेवा सुरू झाली आणि हिंदुस्थानचा कापूस थेट जपानला जाऊ लागला. जपानी कंपन्यांनी कापूस पिकवणाऱ्या मुलखात आपली खरेदी नेली. आपला आखूड धाग्याचा कापूस अमेरिकन कापसात नेमक्या प्रमाणात मिसळून चांगले सूत काढण्याचे कसब त्यांनी मिळवले. खेड्यांतून आणलेल्या तरुण मुलींना वसतिगृहांत ठेवून रात्रंदिवस चाती फिरवली. यंत्रातही ते पुढे गेले. १९२९ साली ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या जगप्रसिद्ध यंत्रकारखान्याने जपानच्या तोयोदाकडून स्वयंचलित मागाचे हक्क विकत घेतले. ज्याने जगाला यंत्रे विकली, त्यानेच शिष्याकडून यंत्र घेण्याची वेळ आली.

१९३३ साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटिश नसलेल्या कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार टाकला. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जपानने १० लाख गाठी घेतल्या तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड येथे विकता येईल, १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. लंडन, मुंबई आणि ओसाका यांच्या भांडणात वऱ्हाडचा कापूस हे सौद्याचे वजन ठरले. कापूस वेचणारीला त्या सौद्यात कोणी विचारलेले नव्हते.

आता गिरणीच्या आत जाऊ. माग गमावलेल्या विणकराच्या पोराला मुंबईच्या गिरणीत विणकाम मिळायला हरकत नव्हती. मजुरी विणखात्यातच अधिक होती. पण तेथेच त्याला मज्जाव होता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या थुंकीने सूत विटाळेल म्हणून सवर्ण कामगार त्याला साच्यावर उभा राहू देत नसत. त्याच्यासाठी होते ते कमी पगाराचे रिंग खाते. तोंडाने सूत ओढण्याच्या धोट्यावर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायद्याने बंदी घातली, कारण त्यातून रोग पसरतो. तिथे तोंडाचा प्रश्न आरोग्याचा ठरला, इथे जातीचा. १९२८ च्या मुंबईतील सार्वत्रिक संपात आंबेडकरांनी विणखात्याचा हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे ठेवला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे त्यांनी सांगितले, त्यामागे हा अनुभव उभा होता.

स्वातंत्र्यानंतर गिरण्या झिजत गेल्या. मालकांनी जुनी यंत्रे बदलली नाहीत, नफा दुसरीकडे वळवला. १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल त्यांत होत्या. दलितांच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची गोष्ट घडली: गिरणी सार्वजनिक उपक्रम झाली म्हणजे राखीव जागांचे तत्त्व तिला लागू झाले. ज्या विणखात्याचे दार विटाळाने बंद होते, ते कायद्याने उघडले. पण दार उघडले तेव्हा घर कोसळत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ती गिरणी-मुंबई पुन्हा उभी राहिली नाही. काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले. तिथे ना हजेरीपट, ना राखीव जागा. सावतराम मिलचे साचे थांबले. अचलपूरला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने नवी फिनले मिल उभारली. २०२० च्या टाळेबंदीत तीही बंद पडली.

मग चीन. २००४ च्या अखेरीस कापड व्यापारातील देशवार कोटा संपला आणि चीनच्या कारखान्यांना जगाचा बाजार मोकळा झाला. २०११ ते २०१४ या काळात चीन सरकारने कापसाचे प्रचंड साठे केले, तेव्हा आपल्या गाठींना तिकडे मोठे गिऱ्हाईक होते. ते धोरण बदलले आणि मागणी ओसरली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसवली. कापड उद्योगाला दिलासा म्हणून आपल्या सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत माफ केले. वऱ्हाडात कापूस घरी येण्याचा हंगाम नेमका याच महिन्यांत असतो. गिरणीमालकाला स्वस्त कापसाचा पर्याय मिळाला, शेतकऱ्याच्या भावावर दडपण आले, आणि शेतकऱ्याने हात आखडला तो वेचणीच्या मजुरीवर. आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाबद्दल जे सांगितले, ते इथे जकातीबद्दल खरे ठरते.

शंभर किलो कापसातून सुमारे एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. ही रुई गाठीत बांधली गेली की ती वऱ्हाड सोडते. सूत, कापड, शिलाई, किमतीची ही सारी वाढ दुसरीकडे होते. मँचेस्टर गेले, ओसाका मागे पडले, मुंबईच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. वऱ्हाडचे काम मात्र तेच राहिले, आणि वऱ्हाडात वेचणाऱ्या हातांची जातही फारशी बदलली नाही.

म्हणून त्या मुलाला मी इतकेच सांगितले की संबंध आहे, आणि तो मोजता येतो. वस्त्रोद्योग वाचवा अशी हाक आली, तर आपण तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. सूत इथे कातले जाणार का? साच्यावर उभे राहण्याचा हक्क कोणाला आणि कोणत्या कायद्याने? नुकसान झाले तर ते प्रथम कोणाच्या मजुरीतून वळते होणार? पुढच्या बैठकीला त्याने आपल्या मायला वेचणीचा गेल्या दहा वर्षांचा दर विचारून तो वहीत लिहून आणायचा आहे. कापसाचा बाजारभाव मी आणणार आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून आम्ही वर्गाला सुरुवात करू.